रिझाइन कधी करायचं, कधी नाही, आणि करायचं तर कसं

वजीर गेला, हत्ती गेला, राजा एकटा कोपऱ्यात उभा, तरी समोरचा रिझाइन करत नाही, म्हणजे हार मानून डाव सोडत नाही, म्हणून चिडचिड करणारे लोक ऑनलाइन चेसमध्ये पावलोपावली भेटतात. आणि दुसऱ्या टोकाचे पण तितकेच भेटतात, एक उंट फुकट गेला की अठराव्या चालीलाच झेंड्याचं बटण दाबून मोकळे, चला पुढचा डाव. मला दोघांचंही पटत नाही. पहिल्यांना वाटतं हरणाऱ्याने उठून जायलाच हवं आणि नाही गेला तर तो आपला अपमान आहे, दुसऱ्यांना वाटतं हरलेली पोझिशन खेळण्यात काय अर्थ. रिझाइन कधी करायचं हे पण एक स्किल आहे, ओपनिंग शिकतो तसं हेही शिकता येतं.

आधी नियमाचं बोलू म्हणजे अर्धी भांडणं तिथेच मिटतील. फिडेच्या, म्हणजे चेसच्या जागतिक संघटनेच्या, नियमांत डाव संपायचे जे मार्ग दिलेत त्यात मात आहे, बरोबरी आहे आणि 'मी हार मानतो' असं जाहीर करणंही आहे. पण हार कधी मानायची, मानायलाच पाहिजे का, किती सोंगट्या कमी झाल्या की मानायची ह्यावर एक अक्षर नाही. म्हणजे मात होईपर्यंत खेळणं हा तुमचा सरळसरळ हक्क, तसाच समोरच्याचाही. लिचेस काय आणि चेस डॉट कॉम काय, ऑनलाइन चेसच्या ह्या दोन्ही साइटवर 'हरलाय तरी खेळतोय' अशी तक्रार केलीत तर कोणी ढुंकून बघणार नाही. तक्रार लागू पडते ती चाल न करता घड्याळ चालू ठेवून निघून जाणाऱ्यावर, सारखे डाव अर्धवट टाकून पळणाऱ्यावर, चॅटमध्ये शिव्या देणाऱ्यावर, आणि मुद्दाम हरून रेटिंग खाली आणणाऱ्यावर. थोडक्यात खेळायचं असेल तर खेळा, सोडायचं असेल तर सोडा, पण समोरच्याला लटकवून ठेवू नका. माझ्या मते ऑनलाइन चेसमधली खरी असभ्यता एवढीच, बाकी सगळं ज्याच्या त्याच्या मर्जीचं.

पोझिशनच्या आधी घड्याळ बघा

१+० बुलेटमध्ये (एक मिनिट, दर चालीला जादा सेकंद म्हणजे इन्क्रिमेंट शून्य) वजीर कमी असणं आणि १५+१० मध्ये वजीर कमी असणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. समजा ३+० चालू आहे, तुमचा एक हत्ती कमी आहे पण घड्याळात चाळीस सेकंद आहेत आणि समोरच्याकडे नऊ. इथे रिझाइन करणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, कारण तो हत्ती मिळवायला त्याने वेळ मोजलाय आणि आता त्याच वेळेची चणचण त्याला भासणार आहे. दोघांनी मिळून इन्क्रिमेंट नसलेला डाव निवडला ना, मग घड्याळ हाही खेळाचाच भाग, त्यामुळे फ्लॅग पाडून, म्हणजे समोरच्याचा वेळ संपवून, जिंकलात की 'हे काय खरं चेस नाही' वगैरे जे ऐकायला मिळतं ते एका कानाने ऐकायचं दुसऱ्याने सोडायचं. हां, दोघांकडे एक एक हत्ती, पोझिशन ठार बरोबरीची, समोरच्याने सभ्यपणे ड्रॉ ऑफर केलाय आणि ओळखीतला साधा डाव आहे, तर मी तरी ड्रॉ घेईन. टुर्नामेंटमध्ये नाही घेणार.

तेच ३+२ असेल तर हिशोब बदलतो. दर चालीला दोन सेकंद परत मिळतात आणि बऱ्यापैकी खेळणारा माणूस राजा-हत्तीची मात दोन दोन सेकंदांत पण आरामात देतो, मग 'वेळेवर वाचू' ही आशा उगाच.

आणि एक बारीक गोष्ट जी भल्याभल्यांना ऐन वेळी आठवत नाही. समोरच्याचा वेळ संपला पण तुमच्याकडे नुसता राजा उरलाय तर तुम्ही जिंकत नाही, बरोबरी होते. फिडेचा नियम असा की ज्याचा वेळ शिल्लक आहे त्याला कुठल्याही कायदेशीर चालींनी मात देणं शक्यच नसेल तर वेळ संपूनही डाव बरोबरीत. म्हणून घड्याळावर जिंकायचं डोक्यात असेल तर एक प्यादं तरी जिवंत ठेवा, मग ते कडेला मागे पडलेलं का असेना. शेवटच्या पाच सेकंदांत घाबरून लोक तेच प्यादं देऊन टाकतात आणि मग पूर्ण पॉइंटचा अर्धा होतो. एकटा घोडा उरला असेल तर साइटप्रमाणे फरक पडतो: लिचेस फिडेसारखं बघतं, कशीही का होईना मात शक्य असेल तर पॉइंट तुमचा, चेस डॉट कॉमवर मात्र राजा आणि एक घोडा किंवा राजा आणि एक उंट म्हणजे अपुरं सैन्य, बरोबरी.

समोर कोण बसलंय

रेटिंग हजारच्या आसपास किंवा खाली असेल तर माझं ऐका, रिझाइनचं बटण आहे हेच विसरून जा. त्या लेव्हलला जिंकलेला डाव जिंकता येणं हीच मोठी गोष्ट असते. वजीर जास्त असलेला माणूस पुढच्या चार चालींत तो वजीर परत देतो, नाहीतर स्टेलमेट करून बसतो. पट समोर घ्या आणि मांडून बघा: काळा राजा ए८ वर, दुसरं काही नाही, पांढऱ्याकडे राजा आणि वजीर. पांढरा घाईघाईत वजीर सी७ वर नेतो. राजाला शह नाही, पण ए७, बी७, बी८ ही तिन्ही घरं वजिराच्या माऱ्यात, काळ्याला करायला चालच नाही, संपला डाव बरोबरीत. वजीर बी६ वर ठेवला तरी हेच होतं. त्यामुळे नवख्यासमोर तुमचा एकटा राजा पळत असेल तर मला कोपरा बरा वाटतो, पक्का खेळाडू असेल तर मग कुठेही पळा, मात ठरलेलीच.

फक्त तुमचं एखादं प्यादं हलू शकत असेल तर स्टेलमेट होत नाही हे विसरू नका. वरती म्हटलं प्यादं जपा, इथे म्हणतोय प्यादं नको, म्हणजे हरलेल्या डावात आधी हे ठरवायला लागतं की तुम्ही घड्याळाच्या मागे आहात का स्टेलमेटच्या. दोन्ही दगडांवर पाय ठेवून होत नाही.

अजून एक, राजाला हलायला घर नाही, प्यादी अडकलेली, आणि तुमच्याकडे फक्त एक हत्ती मोकळा आहे अशी वेळ आली तर तो हत्ती समोरच्या राजाला चिकटून शह देत सुटा. त्याने खाल्ला की स्टेलमेट, नाही खाल्ला की परत शह, परत शह, शेवटी तीच पोझिशन तीन वेळा आली की बरोबरी क्लेम करा. हे एकदा जमलं ना की लवकर रिझाइन करायची सवय आपोआप सुटते.

मोठ्या रेटिंगचा माणूस चुकत नाही असंही समजू नका. २००६ मध्ये बॉनला डीप फ्रिट्झ ह्या कॉम्प्युटर प्रोग्रामशी खेळताना व्लादिमिर क्रॅमनिकला एका चालीतली मात दिसली नाही, आणि तो तेव्हा वर्ल्ड चॅम्पियन होता. आणि २०२५ च्या नॉर्वे चेसमधला गुकेश विरुद्ध कार्लसन डाव तर बहुतेकांनी पाहिलाच असेल. बराच वेळ कार्लसन जिंकत होता, गुकेश नुसता तग धरून होता, एकामागून एक चाली शोधत राहिला, दोघांचा वेळ आटला आणि कार्लसनच्या घोड्याची एक चाल चुकली. मग ती टेबलावर आपटलेली मूठ जगभर फिरली. पण त्या चिडलेल्या माणसाने लगेच सॉरी म्हटलं आणि जाता जाता गुकेशची पाठ पण थोपटली, ते मात्र कमी लोकांनी शेअर केलं.

स्वतःला विचारायचा एक प्रश्न

किती पॉइंट मागे आहे, इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) काय म्हणेल, हे सगळं बाजूला ठेवा. एवढंच विचारा: समोरच्याने कुठली चूक केली तर मी वाचेन? त्या चुकीचं नाव घेता आलं पाहिजे. 'त्याचा राजा उघडा आहे, वजिराने शह देत राहिलो आणि त्याने चुकीच्या बाजूला राजा नेला तर परपेच्युअल, म्हणजे सतत शह देऊन बरोबरी', हे उत्तर झालं. 'त्याच्याकडे बारा सेकंद आहेत', हेही उत्तर झालं. 'काहीतरी होईल', हे उत्तर नाही. नाव घेता येत असेल तर खेळा, आणि नुसतं खेळू नका, तीच चूक व्हावी अशी पोझिशन घडवायला लागा. सोंगट्या कमी असतील तर सोंगट्यांची अदलाबदल टाळा, पण प्याद्यांची करा, कारण प्यादी संपली की त्याला वजीर बनवायला काही उरत नाही. पट गुंतागुंतीचा ठेवा, त्याला प्रत्येक चालीला विचार करायला लावा.

ह्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर एंडगेमच्या चार-पाच गोष्टी पाठ हव्यात, नाहीतर बरोबरीची पोझिशन तुम्ही हरलेली समजून सोडून द्याल. समोरच्याकडे उंट आणि कडेचं प्यादं आहे, पण प्यादं ज्या कोपऱ्यात वजीर होणार त्या घराचा रंग उंटाच्या रंगाचा नाही, आणि तुमचा राजा त्या कोपऱ्यात पोचलाय, तर तो काय वाट्टेल ते करो, बरोबरी. दोघांचे उंट वेगवेगळ्या रंगाचे असतील तर दोन प्यादी मागे असूनही बऱ्याचदा डाव वाचतो. वजीर विरुद्ध सातव्या रांगेत पोचलेलं प्यादं, ते प्यादं ए, सी, एफ किंवा एच फाइलवर असेल, तुमचा राजा त्याला धरून असेल आणि समोरचा राजा लांब असेल तर तिथेही बरोबरी निघते. हत्ती-हत्तीच्या एंडगेममध्ये एका प्याद्याने मागे असाल तर फिलिडोरची पोझिशन, म्हणजे बरोबरी राखायची ठरलेली मांडणी, बघून ठेवा, अर्ध्या तासाचं काम आहे आणि आयुष्यभर अर्धे अर्धे पॉइंट मिळत राहतात.

ह्याबाबतीत दिग्गजांनी पण माती खाल्लीये. १९०२ मध्ये मॉन्टे कार्लोला पॉपील विरुद्ध मार्को असा डाव झाला. मार्कोचा डी४ वरचा उंट पिनमध्ये (हटला तर मागच्या सोंगटीवर मारा) अडकलेला, त्यावर एक मारा अजून वाढला, आता उंट जातोय म्हणून मार्कोने डाव सोडला. प्रत्यक्षात तोच उंट उचलून जी१ वर ठेवायचा होता, एच२ वर मात द्यायची धमकी आणि त्याच वेळी उंट हटल्यामुळे पांढऱ्या वजिरावर मारा, दोन्ही एकदम सांभाळणं अशक्य. म्हणजे त्याने जिंकलेला डाव सोडून दिला. १९९७ मध्ये डीप ब्लू ह्या कॉम्प्युटरविरुद्ध दुसऱ्या डावात कास्पारोव्हने रिझाइन केलं आणि नंतर अभ्यासात निघालं की सतत शह देत बरोबरी काढता येत होती. समोर कॉम्प्युटर आहे म्हणजे त्याने सगळं बघितलंच असणार, असं वाटून माणूस स्वतः बघायचं सोडतो, आणि ऑनलाइन आपल्यापेक्षा तीनशे रेटिंग जास्त असलेला समोर आला की आपलं पण अगदी हेच होतं.

मग सोडायचं कधी

वरच्या प्रश्नाला उत्तर नसेल तेव्हा. मात दोन चालींवर आहे आणि टाळता येत नाही, किंवा समोरच्याकडे भरपूर वेळ आहे, हाताशी दोन हत्ती आहेत आणि आतापर्यंतच्या खेळावरून त्याला मात देता येते हे दिसतंय, तेव्हा हसत सोडा. आणि तुम्ही विचार न करता रागारागात चाली ढकलताय असं लक्षात आलं तर तेव्हाही सोडा, त्यातून तुम्ही काही शिकत नाही आणि पुढचा डाव पण त्याच रागात खेळाल.

डेली किंवा कॉरस्पॉन्डन्स डाव ह्यात वेगळे. तिथे एका चालीला दिवसच्या दिवस मिळतात, समोरचा नीट पट मांडून बघून खेळतो, घड्याळावर काही होत नाही, आणि सरळ हरलेली पोझिशन तीन तीन दिवसांनी एक चाल करत महिनाभर ओढणं म्हणजे समोरच्याला विनाकारण अडकवून ठेवणं. नियमात बसतं, पण मला आवडत नाही. ब्लिट्झमध्ये जो चिवटपणा कौतुकाचा तो डेलीमध्ये डोक्याला ताप होतो.

आणि ब्लंडर झाल्या झाल्या तर कधीच सोडू नका. वजीर गेला त्या क्षणी जे वाटतं त्यावर विश्वास ठेवू नका, माउसवरून हात काढा, घड्याळात असेल तर वीसेक सेकंद द्या, आणि नवीन डावासारखं बघा की समोर काय आहे. कधी कधी वजिराच्या बदल्यात हत्ती आणि घोडा मिळालेला असतो आणि रागात आपल्याला तो दिसतच नाही. सेटिंगमध्ये रिझाइन करताना 'नक्की का' असं विचारायचा पर्याय असतो, तो चालू ठेवा, तेवढा अडथळा पण पुरतो.

सोडताना कसं सोडायचं

झेंड्याचं बटण दाबायचं. टॅब बंद करणं म्हणजे रिझाइन नाही, नेट बंद करणं म्हणजे रिझाइन नाही, घड्याळ शून्यावर येईपर्यंत फोन बाजूला ठेवणं म्हणजे तर अजिबात नाही. रेटिंग मात झाली काय, रिझाइन केलं काय, वेळ संपला काय, तेवढंच जातं, त्यामुळे टाळाटाळ करून वाचत काहीच नाही. हरत असताना दर दोन चालींनी ड्रॉ ऑफर पाठवणं पण बंद करा, फिडेच्या नियमात समोरच्याला त्रास देण्याच्या प्रकारांत अवाजवी ड्रॉ ऑफरचं नाव घेऊन लिहिलंय.

समोरच्याने सुंदर कॉम्बिनेशन लावलं असेल, वजीर सॅक्रिफाइस करून मात येत असेल, तर एक चाल आधी रिझाइन करण्यापेक्षा त्याला ती मात पटावर देऊ द्या. तुमचं काही जात नाही आणि त्याला तो डाव कायम लक्षात राहतो. १९७२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिप मॅचच्या सहाव्या डावात हरल्यावर स्पास्कीने फिशरसाठी टाळ्या वाजवल्या होत्या, आपल्याकडे टाळ्यांच्या जागी एक 'वेल प्लेड' टाइप करायची सोय आहे. मनापासून वाटलं तरच टाका, दात ओठ खात टाकलेलं कळतं.

आणि जिंकत असाल तर

शिष्टाचार फक्त हरणाऱ्यालाच सांगायचे असं थोडंच आहे. जिंकायला लागल्यावर चॅटमध्ये 'रिझाइन कर ना' लिहायचं नाही. डाव संपायच्या आधी 'जीजी' (गुड गेम) टाकणं पण तसंच, ते डाव झाल्यावर म्हणायचं असतं, आधी म्हटलं की तो टोमणा होतो. सरळ मात देता येत असताना एकामागून एक पाच वजीर बनवणं, प्याद्यांचे मुद्दाम घोडे करणं, हे बघणाऱ्याला एकदा मजेशीर वाटतं आणि समोरच्याला फक्त चीड आणतं, वर स्टेलमेट झालं तर त्याने तुमच्यावर हसावं, मी त्याच्याच बाजूने असेन.

समोरचा चाल न करता बसला तर चॅटवर भांडू नका आणि उठून पण जाऊ नका. ह्यातली नेहमीची युक्ती अशी असते की घड्याळात दहा सेकंद उरले की तो अचानक चाल करतो, तुम्ही कंटाळून गेला असाल ह्या आशेवर. आवाज चालू ठेवा, चालीचा टक ऐकू आला की खेळा, डाव संपला की रिपोर्ट करून ब्लॉक करा, विषय संपला.

पण खरोखरच कोणाचं नेट जातं, तेव्हा थोडं मन मोठं ठेवायला हरकत नाही. लिचेसवर समोरचा बाहेर गेला की थोड्या वेळाने तुम्हाला विचारतात, विजय घेणार, बरोबरी करणार, का थांबणार. पोझिशन बरोबरीची असेल तर बरोबरी द्या. तिथेच एक बटण असतं ज्याने समोरच्याला पंधरा सेकंद जास्त देता येतात, त्याचा माउस स्लिप झाला किंवा फोन वाजला असं त्याने सांगितलं तर ओळखीच्या डावात वापरून बघा. २०२० च्या चेसेबल मास्टर्समध्ये डिंग लिरेनचं कनेक्शन गेलं आणि तो डाव हरला, तर पुढच्या डावात कार्लसनने सुरुवातीलाच जाणूनबुजून वजीर दिला आणि रिझाइन करून तो पॉइंट परत केला. सेमीफायनल होती ती.

डाव संपल्यावर एक काम मात्र करा, विशेषतः रिझाइन केलं असेल तेव्हा. ॲनालिसिस उघडा, जिथे सोडलंत ती शेवटची पोझिशन घ्या, आणि इंजिनचा आकडा बघायच्या आधी स्वतः पाच मिनिटं शोधा की इथे काय करता आलं असतं. मग तिथूनच कॉम्प्युटरविरुद्ध खेळून बघा, आधी हरलेल्या बाजूने आणि मग पट उलटा करून जिंकलेल्या बाजूने. दुसऱ्या वेळी तुम्हालाच ती मात देता देता घाम फुटला तर समजा की रिझाइन जरा लवकर झालं होतं.